त्या 'काळोख्या' हजार वर्षांत नांगर कोण हाकत होतं?

प्रति,
मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीतला युरोपच्या इतिहासावरचा पानभर लेख वाचला, दोनदा वाचला, कारण पहिल्यांदा वाटलं मधला एखादा कॉलम छापायचाच राहिला की काय. इ.स. ४७६ ला रोमचा शेवटचा बादशहा गादीवरून उतरवला इथं एक परिच्छेद संपतो अन् पुढचा परिच्छेद डायरेक्ट इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये उघडतो, चित्रकार, शिल्पकार, पैसेवाली घराणी, सगळा झगमगाट. मधल्या हजार वर्षांवर लेखकांनी एक वाक्य खर्च केलंय की चर्चनं युरोपला अंधारात ठेवलं होतं. बस्स. मग पुढच्याच आठवड्यात एका वाचकाचं पत्र आलं ते पार दुसऱ्या टोकाचं, की युरोप मोठा झाला तो निव्वळ धर्म घट्ट धरला म्हणून अन् आपणही त्यावरून शिकावं वगैरे वगैरे. मला दोन्ही पटलं नाही. मी काही प्राध्यापक नाही, बी.ए. ला इतिहास होता, आता वावर करतो अन् गावच्या वाचनालयाची किल्ली माझ्याकडं असते, तिथं बसून जे वाचलं त्यावर बोलतोय. पत्र लांबलंय, कापायचं तर कापा पण शेतीचा भाग कापू नका ही विनंती, माझं सगळं म्हणणं तिथूनच निघतं.

आधी जे खरं आहे ते खरं. रोम पडल्यावर पश्चिम युरोपची दैना झालीच. लाखोंच्या वस्तीचं रोम शहर ओस पडत काही हजारांवर आलं, व्यापार आटला, लिहिता-वाचता येणारा माणूस चर्चच्या बाहेर सापडणं मुश्कील. खुद्द शार्लमेन, ज्याला इ.स. ८०० च्या नाताळात पोपनं रोममध्ये बादशहाचा मुकुट घातला, त्याला नीट लिहिता येत नव्हतं, उशीखाली पाट्या ठेवून मोठेपणी अक्षरं गिरवायचा प्रयत्न करायचा असं त्याच्याच दरबारातल्या माणसानं लिहून ठेवलंय. पण याच माणसानं इंग्लंडातून अल्क्विन नावाचा विद्वान बोलावून घेतला, मठामठात अन् बिशपांच्या गावी पोरांना शिकवायची सोय करा असा हुकूम काढला. त्याच्या काळातला मानला जाणारा आणखी एक हुकूम आहे, सरकारी मळे कसे सांभाळायचे त्याचा, तो मला फार आवडतो. मळ्यात काय काय लावायचं याची लांबलचक यादी त्यात आहे, सत्तरच्या वर नावं, अन् त्यात आपली ओळखीची मंडळी भेटतात, मेथी, जिरं, सांबार (म्हणजे कोथिंबीर), हरभरा, कांदा, लसूण, मोहरी. द्राक्षं पायानं तुडवायची नाहीत असंही एक कलम आहे. म्हणजे ज्या राजाला अक्षर काढता येत नव्हतं त्याच्या कारभारात भाजीच्या वाफ्याचासुद्धा कागद होता. याला पूर्ण अंधार काहून म्हणायचं?

तरी शार्लमेनचं राज्य टिकलं नाही, नातवंडांनी वाटण्या केल्या, वरून उत्तरेचे व्हायकिंग आले, त्यांनी तर आधीच ७९३ मध्ये इंग्लंडातला लिंडिस्फार्नचा मठ लुटून सुरुवात केली होती. खरा उठाव आहे तो साधारण १००० ते १३०० या तीनशे वर्षांतला. या तीनशे वर्षांत युरोपची माणसं अंदाजे दुप्पट झाली. दुप्पट तोंडं भरायची म्हणजे धान्य कुठून तरी आलं असेल ना. पोपच्या आशीर्वादानं तर आलं नाही अन् फ्लॉरेन्सच्या चित्रकारांनी तर नाहीच नाही.

तर नांगर. रोमन लोकांचा नांगर हलका, दक्षिणेतल्या कोरड्या भुसभुशीत जमिनीवर रेघ ओढणारा. वर उत्तर फ्रान्स, जर्मनी, इंग्लंड इकडची जमीन भारी, चिकट अन् ओली. आपल्या काळ्या मातीत पाऊस उघडल्याच्या दुसऱ्याच दिवशी ज्यानं वखर घालून बघितलाय त्याला हे समजावून सांगायची गरज नाही, चप्पल मातीत राहते अन् पाय वर येतो. अशा जमिनीत तो हलका नांगर कुचकामाचा. तिथं जो जड नांगर पसरत गेला त्यात एक उभं पातं असायचं माती चिरायला, खाली फाळ आडवा कापायला अन् बाजूला एक वाकडी फळी, ती कापलेला थर उलटा पाडायची, काहींना पुढं चाकं. तण खाली गाडलं जायचं, दोन तासांच्या मध्ये सरी पडून पाणी निघून जायचं. पण ओढायला बैल लागायचे सहा, आठ. एवढे बैल एका घरी असणार कुठून, म्हणून चार घरांनी सावड करायची, आज तुझ्या वावरात उद्या माझ्या. अन् आठ बैलांची रांग धुऱ्यावर वळवणं म्हणजे डोक्याला ताप, म्हणून वावरं पाडली लांबच लांब पट्ट्यांची, कमी वेळा वळवावं लागेल अशी. एकाच्या पट्ट्या गावाच्या चारी दिशेला विखुरलेल्या, त्यामुळं काय पेरायचं, केव्हा पेरायचं, कापणीनंतर गुरं केव्हा सोडायची हे सगळं गावानं बसून ठरवायचं. गाव म्हणून एकत्र निर्णय घ्यायची सवय त्या लोकांना या बैलांच्या नादानं लागली, चर्चमधल्या प्रवचनाचा त्यात किती वाटा ते देव जाणे.

दुसरी गोष्ट पिकाची फेरपालट. आधी अर्धी जमीन पेरायची, अर्धी पडीक ठेवायची. मग हळूहळू बऱ्याच भागात तीन तुकडे करायला लागले, एकात हिवाळी गहू नाहीतर राय, दुसऱ्यात वसंतात पेरायचं ओट, जव, वाटाणे, घेवड्यासारख्या शेंगा, तिसरा पडीक, अन् दरवर्षी फिरवायचं. म्हणजे तीस एकरवाल्याचं आधी पंधरा एकर रिकामं पडायचं ते आता दहाच. वरून शेंगांची पिकं, जी जमिनीला नत्र देतात अन् गरिबाच्या ताटात डाळ टाकतात. तूर-हरभऱ्याच्या मुलखातल्या माणसाला यात नवल काहीच नाही पण त्यांच्यासाठी ही मोठी उडी होती. ओट आला म्हणून घोडा परवडायला लागला, घोड्याच्या खांद्यावर जोर येईल अशी भरलेली गादीसारखी कॉलर आली म्हणून तो नांगराला जुंपता आला, अन् घोडा बैलापेक्षा चपळ, दिवसाचं काम जास्त. त्यात त्या शतकांत हवामानही जरा उबदार होतं, तेही नशीब म्हणा.

आता हे वाचून कोणाला वाटेल सोन्याचे दिवस होते. छे. एक पायली पेरली तर तीन, फार तर चार पायल्या हाती यायच्या. त्यातली एक पुढच्या बियाण्याला बाजूला. दहावा हिस्सा चर्चला, तो ऐच्छिक नव्हता, शार्लमेनच्याच काळापासून सक्तीचा. मग जमीनदाराचं देणं, अन् इंग्लंडात तर बांधलेल्या कुळानं आठवड्याचे दोन-तीन दिवस मालकाच्या वावरात फुकट राबायचं. उरलं ते घरचं. लेखात ज्या गगनचुंबी चर्चचं कौतुक आहे (कौतुक आहे, फक्त शतक चुकलंय, त्यावर शेवटी येतो) ती चर्चं या दहाव्या हिश्श्यातून, या राबण्यातून उभी राहिली. १०८८ मध्ये फ्रान्समधल्या क्लूनीच्या मठानं जे नवीन चर्च बांधायला घेतलं त्याच्याएवढं मोठं चर्च पुढं रोमचं नवीन सेंट पीटर्स होईपर्यंत ख्रिस्ती जगात दुसरं नव्हतं. लेखकांनी त्या शेतकऱ्याचं नाव एकदाही घेतलं नाही याचा मला राग आहे, तेवढा स्पष्ट सांगतो.

मग चर्चनं काहीच केलं नाही का? केलं, अन् इथं माझं त्या अंधारवाल्या लेखकांशी भांडण आहे. दहाव्या शतकाच्या शेवटी फ्रान्समध्ये राजा नावापुरता, ज्याच्याकडं घोडा अन् तलवार तो आपल्या गढीचा मालक, वाटेल तेव्हा गावात घुसून गुरं हाकून न्यायची. तेव्हा ९८९ मध्ये शारू नावाच्या ठिकाणी बिशप लोक जमले अन् त्यांनी ठराव केला की जो कोणी शेतकऱ्याची किंवा गरिबाची मेंढी, बैल, गाय, गाढव, शेळी, डुक्कर लुटेल तो शापित, त्याला चर्चबाहेर काढू. तलवार नव्हती त्यांच्याकडं, फक्त शाप अन् जमलेली पब्लिक. अशा सभा मग ठिकठिकाणी झाल्या, पुढं आठवड्याचे अमुक दिवस लढाई बंद असेही नियम आले. सगळ्यांनी पाळले असं कोणी म्हणत नाही. पण बैलचोरी हा पाप-पुण्याचा सार्वजनिक विषय झाला, ही त्या जमान्यात लहान गोष्ट नाही.

अन् त्याहून मोठी गोष्ट, मला वाटते खरी मोठी तीच, की त्यांनी माणूस मेल्यावरही चालतील अशा संस्था उभ्या केल्या. साधारण ५२९ च्या सुमारास इटलीत माँटे कॅसिनोच्या डोंगरावर बेनेडिक्ट नावाच्या साधूनं मठ काढला अन् त्याच्यासाठी नियम लिहिले, ७३ प्रकरणं. त्यात दर्शन, साक्षात्कार कमी अन् व्यवस्थापन जास्त आहे. किती वाजता उठायचं, किती वेळ हातानं काम, किती वेळ वाचन, प्रमुख निवडायचा मठवाल्यांनीच, महत्त्वाचं काही ठरवायचं असेल तर सगळ्यांना बोलवायचं अन् तरुण पोरांचंही ऐकायचं कारण पुष्कळदा बरोबर गोष्ट लहानालाच सुचते, मठाची अवजारं वेदीवरच्या पूजेच्या भांड्यांइतकी जपायची, उपासाच्या महिन्यात प्रत्येकाला एक पुस्तक द्यायचं अन् ते त्यानं अखेरपर्यंत वाचायचं. हातानं काम करणं हे गुलामाचं लक्षण असं मानणाऱ्या समाजात शिकलेला माणूस फावडं घेऊन उभा राहतोय ही त्या काळात क्रांतीच होती. (आपल्याकडं अजून व्हायची आहे.)

पुढं १०९८ मध्ये फ्रान्समधल्या सीटो इथं त्याच नियमांची जास्त कडक शाखा निघाली, सिस्टर्शियन म्हणतात त्यांना. ओसाड जंगल, दलदल घ्यायची, पाणी काढायचं, मेंढ्या पाळायच्या, लोकर विकायची. त्यांची सगळ्यात हुशारीची गोष्ट म्हणजे ऑडिट. प्रत्येक मठातून नवे मठ निघायचे अन् मूळ मठाच्या प्रमुखानं दरवर्षी जाऊन त्या नव्या मठाची तपासणी करायची, शिवाय वर्षातून एकदा सगळ्या प्रमुखांनी सीटोला जमायचं. ११५३ मध्ये त्यांचा मोठा पुढारी बर्नार्ड वारला तोवर साडेतीनशेच्या आसपास मठ झाले होते, अन् बर्नार्ड गेला म्हणून एकही बंद पडला नाही. इथं मला आमच्या तालुक्याकडची एक सूतगिरणी आठवते, नाव नाही घेत, संस्थापक गेले अन् तीन वर्षांत गेटवर कुलूप, मशीनही गेल्या अन् सभासदांचे शेअरही. संस्था काढणारे आपल्याकडं ढिगानं आहेत. असो. सिस्टर्शियन लोकही काही संत नव्हते, एकांत पाहिजे म्हणून त्यांनी काही ठिकाणी वसलेली गावं उठवली, अन् अंगमेहनतीला जे अडाणी बंधू ठेवले ते सालदारासारखे आयुष्यभर खालच्याच पंगतीत, त्यांना वरच्या दर्जाचा मठवासी होता यायचं नाही.

पाणचक्कीची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. १०८६ मध्ये इंग्लंडच्या राजानं गावोगाव पाहणी करून नोंदवही केली त्यात जवळपास सहा हजार पाणचक्क्या निघतात, एका लहानशा देशात. बायकांचे जात्यावरचे तास वाचले असं आपण म्हणू, पण चक्की मालकाची, मालक पुष्कळदा मठ, अन् दळायचं तर त्याच चक्कीवर, पीठ द्यायचं मोबदल्यात. घरी जातं ठेवायची बंदी. सेंट ऑल्बन्सच्या मठाचे प्रमुख होते रिचर्ड ऑफ वॉलिंगफर्ड, लोहाराचा पोरगा, गणिती, त्यांनी मठात असं घड्याळ बनवायला घेतलं की जे सूर्य-चंद्राची गती दाखवायचं, त्या काळातलं आश्चर्यच. याच रिचर्डनी १३३१ मध्ये गावकऱ्यांची जाती जप्त केली अन् मठाच्या बैठकीच्या खोलीत त्या दगडांची फरशी बसवली. फरशी! पन्नास वर्षांनी १३८१ ला शेतकऱ्यांचं बंड झालं तेव्हा गावची माणसं मठात घुसली, ती फरशी फोडली अन् आपापल्या बापजाद्यांच्या जात्याचे तुकडे घरी घेऊन गेली. मध्ययुगातलं ख्रिस्ती जग उजेडाचं की अंधाराचं असं कोणी विचारलं तर मी या एका माणसाकडं बोट दाखवतो, घड्याळही त्याचंच अन् फरशीही त्याचीच, ज्याला एकच बाजू लिहायची त्यानं अर्धा रिचर्ड कापून टाकावा.

राजा अन् पोपची भांडणं लेखात दोन ओळींत आहेत, ती मी पण लवकर संपवतो, फक्त परिणाम महत्त्वाचा आहे. बिशप कोण नेमणार यावरून पोप सातवा ग्रेगरी अन् जर्मनीचा राजा चौथा हेन्री यांची जुंपली, पोपनं राजाला धर्मबाह्य केलं, १०७७ च्या जानेवारीत राजा इटलीतल्या कनोसाच्या किल्ल्याबाहेर बर्फात तीन दिवस माफी मागत उभा. शाळेत एवढंच शिकवतात. पुढचं शिकवत नाहीत की सात वर्षांनी त्याच हेन्रीनं रोम घेतलं, आपला वेगळा पोप बसवला अन् ग्रेगरी १०८५ मध्ये परमुलखात वारला. शेवटी ११२२ मध्ये वर्म्सला समझोता झाला, थोडं तुझं थोडं माझं. कोणीच कोणाला गिळू शकलं नाही, अन् या ओढाताणीत मधल्या मध्ये शहरांना, व्यापाऱ्यांच्या संघांना, शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांना जागा मिळाली. एक राजा पिडायला लागला की पोपकडून सनद आणायची, बिशप पिडायला लागला की राजाकडं जायचं.

विद्यापीठं याच फटीतून उगवली. इटलीतल्या बोलोन्यात तर विद्यार्थ्यांचीच युनियन, तीच मास्तरांना पगार द्यायची अन् मास्तर उशिरा आला, न सांगता गावाबाहेर गेला तर दंड ठोकायची (आमच्या इथल्या पोट्ट्यांना हे सांगू नका). पॅरिसमध्ये १२२९ ला दारूच्या दुकानातल्या भांडणावरून दंगल झाली, शिपायांनी विद्यार्थी मारले, तर मास्तर लोकांनी शिकवणंच बंद केलं अन् शहर सोडून चालते झाले, दोन वर्षं. १२३१ मध्ये पोपनं त्यांच्या हक्काची सनद दिली तेव्हा गाडी रुळावर आली. ज्या चर्चनं ज्ञान दाबलं असं लेखक म्हणतात त्याच चर्चच्या सनदेवर हे चाललं, अन् त्याच पॅरिसमध्ये १२७७ ला बिशपनं दोनशेच्या वर मतांवर बंदीही घातली. दोन्ही खरं.

अन् त्या विद्यापीठांत शिकवायला पुस्तकं आली कुठून, हे त्या दुसऱ्या पत्रवाल्या भाऊंनी जरूर वाचावं. १०८५ मध्ये स्पेनमधलं टोलेडो ख्रिस्ती राजाच्या हाती आलं, तिथं अरबी ग्रंथांचे ढीग. इटलीहून जेरार्ड नावाचा माणूस तिथं एका खगोलाच्या ग्रंथासाठी आला अन् तिथंच राहिला, ११८७ ला मरेपर्यंत त्यानं सत्तरेक ग्रंथ अरबीतून लॅटिनमध्ये आणले, गणित, वैद्यक, खगोल, ॲरिस्टॉटल. पुढं थॉमस अक्विनास, ख्रिस्ती तत्त्वज्ञानाचा सगळ्यात मोठा माणूस, तो पानोपानी इब्न रुश्द अन् इब्न सिना या मुस्लिम तत्त्वज्ञांशी वाद घालतो, म्हणजे त्यांना वाचून वाद घालतो. पिसाचा लिओनार्डो, ज्याला फिबोनाची म्हणतात, बाप उत्तर आफ्रिकेत व्यापाऱ्यांच्या नाक्यावर कामाला म्हणून तिथं हिशेब शिकला अन् १२०२ च्या पुस्तकात त्यानं सुरुवातीलाच सांगितलं की हे नऊ आकडे भारतीयांचे आहेत अन् शून्यासोबत यांनी कुठलीही संख्या लिहिता येते. जे युरोप उभं राहत होतं ते असं चारी बाजूंनी घेत घेत उभं राहत होतं. नुसता धर्म घट्ट धरून बसलं असतं तर रोमन आकड्यांतच गुणाकार करत बसलं असतं.

घट्ट धरण्यानं काय झालं तेही त्यांनी बघावं. १०९५ मध्ये फ्रान्समधल्या क्लेर्मोंला पोप दुसऱ्या अर्बननं जेरुसलेम मुसलमानांकडून सोडवायची हाक दिली, १०९६ मध्ये निघालेल्या झुंडींनी तिथं पोचायच्या आधी जर्मनीतच माइन्झ, वर्म्समधल्या ज्यू वस्त्या कापून काढल्या, त्यांचे शेजारीच ते. १०९९ मध्ये जेरुसलेममध्ये कत्तल. १२०४ मध्ये तर क्रूसावर शपथ घेतलेल्यांनी कॉन्स्टँटिनोपल लुटलं, जे स्वतःच ख्रिस्ती शहर होतं. १२०९ मध्ये फ्रान्समधल्या बेझिएमध्ये धर्मभ्रष्ट शोधायच्या नावाखाली गावच्या गाव मारलं. १२१५ च्या मोठ्या धर्मसभेनं ठरवलं की ज्यू लोकांचे कपडे वेगळे ओळखू यावेत. १२९० मध्ये इंग्लंडनं सगळे ज्यू देशाबाहेर हाकलले. जी संघटना बैलचोराला शाप देऊ शकत होती तीच संघटना हेही करू शकली, यंत्रणा तीच, निरोप पोचवायचे रस्ते तेच. कोणी आपण तसंच करावं असं लिहितो तेव्हा यातलं नेमकं काय करावं ते पण लिहावं.

शेवटही लेखात नाही. १३०० पर्यंत माणसं इतकी वाढली की डोंगर-उताराच्या, हलक्या, मुरमाड जमिनीही नांगरल्या गेल्या. मग १३१५ ला पाऊस थांबेना, पेरलेलं सडलं, लागोपाठ सालं गेली, बियाणंच खाऊन टाकलं लोकांनी. ज्यानं दुबार पेरणी केलीय त्याला पुढचं सांगत नाही. अन् तीसेक वर्षांनी १३४७ मध्ये प्लेग उतरला, काही वर्षांत युरोपची तिसरा हिस्सा तरी माणसं गेली, काहींच्या मते निम्मी. लेखक ज्या झगमगाटापासून सुरू करतात तो या ढिगाऱ्यावरचा आहे.

आता एक मागणं. हे सगळं तिकडं चाललं होतं त्याच तेराव्या शतकात आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपुरात महानुभाव पंथाचे गोविंदप्रभू होते, चक्रधर स्वामी या मुलखात फिरत होते, म्हाइंभटांनी गावोगाव जाऊन आठवणी गोळा करून लीळाचरित्र लिहिलं, साधारण १२७८ चा काळ. विद्वानांची भाषा सोडून लोकांच्या मराठीत. महदंबा धवळे, म्हणजे लग्नातली गाणी, रचत होती. त्या पंथातही मठ होते, महंत होते, पोथ्यांच्या नकला करणारे हात होते, अन् पुढं त्यांनी पोथ्या सकळ लिपीत, म्हणजे सांकेतिक लिपीत ठेवल्या. त्यामुळं त्या टिकल्या पण बाहेरच्या माणसाला शेकडो वर्षं वाचता आल्या नाहीत, विसाव्या शतकात ती लिपी उलगडली तेव्हा कुठं आपल्याला आपलंच गद्य दिसलं. दोन मुलखांत एकाच काळात मठ उभे राहिले, एकीकडं राजानं अन् पोपनं सनदा दिल्या, त्यातून विद्यापीठं झाली, दुसरीकडं पंथाला लपून राहावं लागलं. हे काहून झालं, राजसत्ता, जात, शेतीचं उत्पन्न, परचक्र, यातलं काय किती, यावर कोणा अभ्यासकाकडून पुरवणीत लिहून घ्या ना. रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ झालंय, तिथली माणसं लिहितील. फ्लॉरेन्स आम्ही पुष्कळ वाचलं. आमच्या वाचनालयात स्पर्धा परीक्षेची पोरं-पोरी बसतात, त्यांना कनोसाची तारीख पाठ आहे पण रिद्धपूर काही तासांच्या अंतरावर असून कोणी गेलेलं नाही.

अन् ते फोटोचं. लेखासोबत जर्मनीतल्या कोलोनच्या कॅथेड्रलचा फोटो छापलाय, दोन उंच मनोरे दिसतात, खाली लिहिलंय बाराव्या शतकातील चर्च. काम सुरू झालं १२४८ मध्ये, म्हणजे तेराव्या. सोळाव्या शतकात ते अर्धवट थांबलं, अर्ध्या मनोऱ्यावरची लाकडी क्रेन शेकडो वर्षं तशीच उभी होती अन् कोलोन शहराच्या जुन्या चित्रांत ती दिसतेही. फोटोतले मनोरे पूर्ण झाले १८८० मध्ये, तेव्हा आपल्याकडं सत्यशोधक समाज निघून सात वर्षं झाली होती. बाकी पत्र जागेअभावी राहिलं तरी चालेल, ही दुरुस्ती तेवढी येत्या रविवारी छापा.

कळावे, लोभ आहेच.
आपला एक नियमित वाचक,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ